‘मराठी’चा ‘स्थानिक’ कसा झाला

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे एमआयडीसीचा, भूखंड घेणारा उद्योजक ९५ वर्षांचा भाडेपट्टा करार करतो. या करारात भाडं कधी भरायचं, सांडपाणी कुठे सोडायचं, झाडं किती लावायची, नकाशा कोणाकडून मंजूर करून घ्यायचा अशी कलमं असतात. त्यांच्याच रांगेत रोजगाराचंही एक कलम असतं. कुशल किंवा अकुशल माणसं कामावर घेताना, ज्यांची जमीन या औद्योगिक क्षेत्रासाठी संपादित झाली आहे अशा धडधाकट माणसांना पहिली पसंती द्यावी, असा त्याचा आशय. भाषेचा त्यात उल्लेख नाही. जिल्ह्याचा, राज्याचा, किती वर्षांच्या वास्तव्याचाही नाही. जमीन कोणाची गेली, एवढंच त्या कलमाला ठाऊक आहे.

चाकण परिसरातल्या निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत ‘भूमिपुत्र’ हा शब्द आजही पहिल्यांदा याच अर्थाने उच्चारला जातो. ‘आमच्या जमिनीला ३२ दोनची नोटीस आली होती’ असं म्हणणारा माणूस महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ मधलं भूसंपादनाचं कलम तोंडपाठ म्हणत असतो, कारण त्या कलमाने त्याचा सातबारा बदलला. खेडच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सेझमध्ये, ज्यांची जमीन गेली, त्यांच्या बोलण्यात जमिनीच्या बदल्यात कबूल झालेला ‘पंधरा टक्के परतावा’ हा शब्द घरच्या माणसाच्या नावासारखा येतो.

मुंबईच्या राजकारणात मात्र भूमिपुत्र म्हणजे मराठी भाषक. आणि सरकारी कागदात तो झाला ‘स्थानिक व्यक्ती’. एकाच मागणीचे हे तीन अर्थ तीन निरनिराळ्या कागदांत नोंदले गेले आहेत. हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले, की एक गोष्ट हळूहळू उलगडते. रस्त्यावरच्या आक्रमक पक्षाने एखादी मागणी लावून धरली, की सत्तेवर असलेला मवाळ, प्रस्थापित पक्ष त्या मागणीचं काय करतो, ती ही गोष्ट. युरोपात गेली तीस-चाळीस वर्षं हाच प्रश्न चर्चेत आहे. तिथले परंपरावादी पक्ष कडव्या उजव्या पक्षांच्या दबावाखाली कधी त्यांना दूर ठेवतात, कधी त्यांचीच भाषा उचलतात. आपल्याकडे हे नाटक आधीच घडून गेलं आहे आणि त्याचा एक मोठा अंक पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आहे. एक खुलासा आधीच करतो. महाराष्ट्रातल्या काँग्रेसला युरोपीय अर्थाने उजवा पक्ष म्हणता येणार नाही. पण प्रस्थापित, सगळ्यांना सांभाळून घेणारा, उद्योगपती आणि शेतकरी दोघांशी सलोखा ठेवणारा पक्ष ही जागा इथे तिचीच होती. तुलना त्या जागेपुरतीच आहे.

सुरुवात मुंबईपासूनच करावी लागते. १९६१ च्या जनगणनेनुसार मुंबईत मराठी मातृभाषा असलेले लोक सुमारे ४३ टक्के होते. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं, पण कचेऱ्यांमधल्या टेबलांवर ते राज्य दिसत नव्हतं. १३ ऑगस्ट १९६० ला सुरू झालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने नेमकी हीच जखम उघडी केली. ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात निरनिराळ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. बहुतेक नावं दाक्षिणात्य. नावांचा माल बराचसा टेलिफोनच्या डिरेक्टरीतून काढलेला. इतिहासाचं साधन म्हणून या याद्या फार बोलक्या आहेत आणि फार धोक्याच्याही. आडनावावरून माणसाचा प्रांत कळतो. तो या शहरात कधी आला, इथेच जन्मला का, कुठली परीक्षा देऊन त्या खुर्चीत बसला, त्या जागेसाठी मराठी उमेदवार होता का, यातलं काही कळत नाही. तरीही यादी छापली गेली की ती पुरावा म्हणूनच वाचली जाते. तक्रार खोटी नव्हती, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. टंकलेखन, लघुलेखन, इंग्रजी पत्रव्यवहार या कामांत मराठी मुलगा खरोखरच मागे होता. पण तक्रारीचं बोट शिक्षणाकडे आणि भरतीच्या पद्धतीकडे वळायला हवं होतं, ते वळलं माणसाच्या आडनावाकडे.

१९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला, त्या व्यासपीठावर काँग्रेसचे रामराव आदिक होते. हेच आदिक पुढे राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत, ईशान्य मुंबईत काँग्रेसचे स. गो. बर्वे आणि अपक्ष उभे राहिलेले कृष्ण मेनन यांच्यात लढत झाली. शिवसेनेने मेनन यांच्याविरुद्ध प्रचार केला आणि बर्वे निवडून आले. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक. विरोधकांनी शिवसेनेला ‘वसंतसेना’ म्हणायला सुरुवात केली, ती याच काळातल्या मेळामुळे. कम्युनिस्टांच्या कामगार संघटना मोडायला ही नवी सेना उपयोगी पडते, हा हिशेब काँग्रेसमधल्या अनेकांच्या डोक्यात होता. टोपणनाव म्हणजे दस्तऐवज नव्हे, पण तेव्हाचे जाणते लोक काय पाहत होते याची ती साक्ष आहे.

मागणी शासनाच्या कागदावर येऊ लागली ती १९६८ पासून. राज्यातल्या उद्योगांनी स्थानिकांना मोठ्या प्रमाणात नोकऱ्या द्याव्यात अशा सूचना त्यानंतर वेळोवेळी निघत राहिल्या. इथे एका शब्दाकडे बारकाईने पाहायला हवं. सभेत घोषणा होती ती ‘मराठी माणसा’ची. शासनाच्या लेखणीतून उतरताना त्याचा ‘स्थानिक’ झाला आणि त्याची व्याख्या ठरली ती १५ वर्षांच्या वास्तव्याने. कारण उघड आहे. भाषा किंवा जन्मस्थान पाहून नोकरी देण्याचा हुकूम काढला असता तर तो राज्यघटनेवर आदळला असता. अनुच्छेद १६ जन्मस्थानावरून सरकारी नोकरीत भेद करायला मनाई करतो. वास्तव्याची अट घालायची तर तो अधिकारही त्याने संसदेकडे ठेवला आहे, विधानसभेकडे नाही. अनुच्छेद १९ कोणत्याही नागरिकाला देशात कुठेही राहण्याची, कुठलाही व्यवसाय करण्याची मोकळीक देतो. सचिवालयातल्या कोणा विधिज्ञाने शब्द बदलून सरकारला वाचवलं असणार. त्या बदलाने मागणीचा गाभाच बदलला, हे मात्र कोणी सभेत सांगितलं नाही. पंधरा वर्षं चिंचवडला राहिलेला उत्तर प्रदेशातल्या बलियाचा वेल्डर या व्याख्येने स्थानिक ठरतो. सभेतल्या व्याख्येत तो कधीच स्थानिक ठरणार नव्हता.

याच वर्षांत पुण्याच्या वायव्येला एक नवं शहर उभं राहत होतं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात टेल्को आली, बजाजचा आकुर्डीचा कारखाना आला. ४ मार्च १९७० ला पिंपरी-चिंचवडची नवनगर नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका. फाळणीनंतर आलेले सिंधी पिंपरीत आधीच वसले होते. सातारा, सांगली, सोलापूरहून, १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुलं आली. केरळमधून तंत्रज्ञ आले. मुंबईत कचेऱ्या आधी होत्या आणि त्यांत कोण बसतं यावर भांडण झालं. इथे कारखाने नवे, वस्ती नवी आणि जवळजवळ प्रत्येकजण कुठून तरी आलेला. या शहराला जुनं म्हणावं असं कोणी असेल तर ते पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांतले मूळ शेतकरी. त्यांच्या जमिनीवर बाकीचे सगळे आले, मराठी आणि बिगरमराठी दोन्ही.

म्हणूनच टेल्कोचा १९८८-८९ चा संघर्ष मला या इतिहासात फार मोलाचा वाटतो. कामगार बहुसंख्य मराठी आणि त्यांचा नेता राजन नायर, केरळी आडनावाचा माणूस. ‘मार्मिक’च्या यादीत ज्या तऱ्हेची नावं छापली जात, त्याच तऱ्हेचं हे नाव. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना एका रात्रीत उचलून गाड्यांत भरलं. तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते. संप मोडला. या प्रकरणातली बाजू कोणाची बरोबर, यावर आजही पिंपरीत दोन मतं ऐकू येतात. पण एवढं निर्विवाद आहे, की पुण्याच्या मधोमध, पेशव्यांच्या वाड्यासमोर, मराठी कामगार एका नायरच्या शब्दावर उपाशी बसले होते. मुंबईत वीस वर्षं सांगितलं गेलेलं गणित इथे लागू पडलं नाही, कारण इथे माणसाला पगाराच्या कराराने जोडलं होतं. २०१३ मध्ये चाकणच्या बजाजमध्ये पन्नास दिवस संप चालला, तोही पगारावरून. कामगारांना एक रुपया दराने कंपनीचे ५०० शेअर द्यावेत, ही त्यातली गाजलेली मागणी. कारखान्याच्या दारातली भांडणं वाचत गेलं, की दिसतं ते बहुतेकदा मालक आणि कामगारांमधलं अंतर.

मग २००८ साल उजाडलं. त्या वर्षाच्या तारखा सलग मांडल्याशिवाय पुढचा कागद समजत नाही. ३ फेब्रुवारीला मुंबईत राज ठाकरे यांच्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे, म्हणजे मनसेचे, कार्यकर्ते उत्तर भारतीयांवर तुटून पडले. १३ तारखेला राज ठाकरे यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला. हिंसेचे लोण नाशिक आणि पुण्याकडे पसरले, आणि तिथले उत्तर भारतीय मजूर हजारोंच्या संख्येने गावाकडे निघाले. पुणे स्टेशनवर पोती, बादल्या, गुंडाळलेल्या गाद्या घेऊन बसलेल्या माणसांची छायाचित्रं त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांत आहेत. १९ ऑक्टोबरला मुंबईत रेल्वे भरतीची परीक्षा द्यायला आलेल्या मुलांना मारहाण झाली. २१ ला राज ठाकरे यांना पुन्हा अटक. २७ ला मुंबईत एका बसमध्ये पिस्तूल घेऊन चढलेला बिहारचा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उत्तर प्रदेशच्या एका मजुराचा मारहाणीत जीव गेला.

आणि १७ नोव्हेंबरला उद्योग विभागाचा शासन निर्णय निघाला. पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि इतर पदांवर किमान ८० टक्के स्थानिक असावेत. स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं वास्तव्य असलेला. परीक्षार्थींना मारहाण झाल्यापासून मोजले तर २९ दिवस. सत्तेवर काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं आघाडी सरकार, मुख्यमंत्री विलासराव देशमुख.

या निर्णयात नवं काय होतं, हे शोधायला गेलं तर फारच थोडं सापडतं. टक्केवारी आधीची, व्याख्या आधीची. नवी होती ती वेळ. एका हाताने अटक आणि दुसऱ्या हाताने मागणी मान्य, अशी ती वेळ. मारहाण करणाऱ्यांना शिक्षा झाली का, या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मारहाणीच्या मागणीला उत्तर मिळालं. मला हे चुकीचं वाटतं आणि तसं स्पष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्टेशनवर गाद्या गुंडाळून बसलेल्या माणसाला शासनाच्या कागदाने सांगायला हवं होतं की तू सुरक्षित आहेस. त्या कागदाने त्याला सांगितलं की तू मोजणीत आहेस.

पुढे नऊच दिवसांनी मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला. ४ डिसेंबरला विलासरावांनी राजीनामा दिला. शासन निर्णय चर्चेतून पुसला गेला. पुढच्या वर्षीच्या विधानसभेत मनसेला १३ जागा मिळाल्या, शिवसेनेची मतं फुटली आणि काँग्रेसने ८२ जागा घेतल्या. मनसेला वाढू दिलं तर सेना दुबळी होईल, म्हणून सरकारने आधी दुर्लक्ष केलं, असा आरोप तेव्हा उघडपणे झाला होता. आकड्यांवरून हेतू सिद्ध होत नाही. फायदा कोणाला झाला, एवढं मात्र दिसतं. पिंपरी-चिंचवडमध्ये तर चित्र आणखी वेगळं आहे. २०१२ च्या महापालिका निवडणुकीत १२८ पैकी मनसेचे ४ नगरसेवक आले, २०१७ मध्ये १. पक्ष इथे रुजलाच नाही. त्याची मागणी मात्र सगळ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत जाऊन बसली.

जर्मनीतलं एक उदाहरण इथे अगदी समोर ठेवण्याजोगं आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टोक शहरात परदेशी आश्रितांच्या इमारतीवर जमावाने दगड आणि पेट्रोलच्या बाटल्या फेकल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘रिपब्लिकानर’ या कडव्या उजव्या पक्षाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जवळपास ११ टक्के मतं मिळवली होती. चान्सलर कोल यांचा सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष आणि विरोधातला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष यांनी मिळून २६ मे १९९३ ला राज्यघटना दुरुस्त केली आणि आश्रयाचा हक्क आवळला. तीनच दिवसांनी झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं गेलं, पाच जण मेले, सगळ्या मुली आणि बायका. घटनादुरुस्तीमुळे आग लागली असं कोणी म्हणू शकणार नाही. दुरुस्तीने आग थांबली नाही, हे कागदावर आहे. डेन्मार्कचा अनुभव जास्त गुंतागुंतीचा. तिथे २००१ पासून मध्य-उजव्या सरकारने डॅनिश पीपल्स पार्टीच्या पाठिंब्यावर राज्य केलं आणि परकीयांचे नियम कडक केले. तरी तो पक्ष वाढत २०१५ मध्ये २१ टक्क्यांवर गेला. मग डाव्या सोशल डेमोक्रॅट्सनीही कडक भूमिका घेतली, तेव्हा २०१९ मध्ये तो ९ टक्क्यांच्याही खाली आला. पक्ष ओसरला, पण त्याचे नियम कायद्यात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये मेर्त्स यांच्या नेतृत्वाखालच्या त्याच ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाने जर्मन संसदेत स्थलांतरविरोधी ठराव मंजूर करून घेतला तो कडव्या उजव्या ‘एएफडी’च्या मतांवर. ज्या पक्षाशी हातमिळवणी करायची नाही, असा दंडक त्यांनीच घातला होता, त्याच पक्षाच्या मतांवर.

आणि चाकणचं जर्मनीशी नातं पुस्तकी नाही. फोक्सवॅगनचा कारखाना ३१ मार्च २००९ ला, त्या शासन निर्णयानंतर साडेचार महिन्यांनी, इथे सुरू झाला. याच कंपनीच्या गावी, वोल्फ्सबुर्गला, १९६२ मध्ये इटलीहून कामगारांचे जथे आणले गेले होते. ज्या वर्षी एमआयडीसी जन्मली, त्याच वर्षी. त्यांना पाहुणे कामगार म्हणत. लाकडी बराकींत त्यांची राहण्याची सोय केली होती. २३ नोव्हेंबर १९७३ ला तेलसंकटात पश्चिम जर्मनीने बाहेरून कामगार आणणं थांबवलं, तोवर अनेकांची मुलं तिथल्या शाळेत जाऊ लागली होती. कारखाना माणूस मागवतो तेव्हा हात मागवतो. येतो तो अख्खा माणूस, त्याची भाषा, त्याचा सण, त्याचं पोर. वोल्फ्सबुर्गने हे साठ वर्षांपूर्वी पाहिलं, चाकण आज पाहतं आहे.

आता प्रत्यक्ष चाकण. २००८ च्या निर्णयाची टक्केवारी कोणाला लागू पडते, हे पाहायचं तर तळेगाव चौकात सकाळी सातला उभं राहावं. विजेच्या खांबांवर, भिंतींवर एकावर एक डकवलेल्या जाहिराती असतात. दहावी, बारावी, आयटीआय फिटर, वेल्डर, हेल्पर, वय १८ ते ३०, आठ तास आणि ओटी, नाश्ता-जेवण, बससोय. खाली दोन मोबाइल नंबर. कंपनीचं नाव बहुतेकदा नसतंच, कारण जाहिरात कंपनीची नसते, ठेकेदाराची असते. तिथे उभी असलेली मुलं लातूर, नांदेड, परभणी, बुलडाण्याची असतात, तशीच बिहार, ओडिशा, आसामची. एकाच खोलीत सहा-सात जण. बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर कायद्याने हक्क मिळतो, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ दिला जातो. ब्रेक मिळालेला नांदेडचा मुलगा आणि ब्रेक मिळालेला बेगुसरायचा मुलगा एकाच टपरीवर चहा पितात आणि एकाच ठेकेदाराला फोन लावतात.

साठच्या दशकातली मागणी कायम नोकरीची होती. ऐंशी टक्के कशाचे, तर त्या कायम नोकऱ्यांचे. नव्वदनंतर कायम नोकरीच आकसत गेली. ठेका, ट्रेनी, अप्रेंटिस अशा थरांत कामगार वाटला गेला. कागदावरचा टक्का वाढला काय किंवा घटला काय, ज्याच्यावर तो मोजायचा ती नोकरीच पातळ झाली होती. याबद्दल बोलायचं तर कंत्राटी कामगार कायद्याबद्दल, भरतीच्या पद्धतीबद्दल, उद्योगांशी दोन हात करून बोलावं लागतं. स्थानिकांच्या टक्केवारीबद्दल बोलणं सोपं. त्यात कोणाही मालकाला दुखवावं लागत नाही. प्रस्थापित पक्षाने आक्रमक पक्षाची भाषा उचलण्यामागे मतांइतकंच हेही कारण आहे, असं हे कागद वाचून माझं मत झालं आहे.

जमीन गेलेल्यांचं काय झालं? भाडेपट्ट्यातल्या त्या पहिल्या पसंतीच्या कलमाची गोष्ट सगळ्यांत उदास आहे. कलम आहे, पण ते पाळलं गेलं की नाही हे विचारणारा कोणी नाही. गावातल्या मुलाला घेतलं तर तो संघटना करील, चार पोरं गोळा करील, म्हणून बाहेरचा बरा, असं कारखान्यांची माणसं खासगीत बोलतात. मग गावाच्या पुढाऱ्यांनी नोकरीऐवजी दुसरी वाट धरली. भंगाराचा ठेका, बसचा ठेका, कँटीनचा ठेका, माणसं पुरवण्याचा ठेका. भूमिपुत्राच्या नावाने मागितलेला हक्क अशा रीतीने थोड्या घरांच्या धंद्यात विरघळला आणि त्याच गावातला जमीन गेलेला दुसरा माणूस कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीच्या खाकी कपड्यांत उभा राहिला. माणसं पुरवण्याचा ठेका ज्याच्याकडे, तो माणूस कुठून आणतो? जिथे स्वस्त मिळतो तिथून.

मागणी मात्र थकली नाही. २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या आघाडीने किमान समान कार्यक्रम जाहीर केला, त्यात भूमिपुत्रांसाठी ८० टक्के नोकऱ्यांच्या कायद्याचं वचन होतं. १ डिसेंबरला राज्यपालांच्या अभिभाषणात ते पुन्हा आलं. त्रेपन्न वर्षांपूर्वी शिवाजी पार्कवर शिवसेनेचा नेता सभेत बोलत होता आणि काँग्रेसचा नेता व्यासपीठावर पाहुणा म्हणून बसला होता. आता दोघांचे पक्ष एकाच मंत्रिमंडळात होते आणि वाक्य राज्यपालांच्या तोंडून आलं. कायदा झाला नाही. पुढच्या वर्षी करोनाच्या टाळेबंदीत परप्रांतीय कामगार गावी गेले, कारखान्यांना माणसं कमी पडली, तेव्हा ६ जुलै २०२० ला ‘महाजॉब्स’ हे संकेतस्थळ सुरू झालं. नोंदणीसाठी अधिवासाचा दाखला हवा होता.

दुसऱ्या राज्यांनी मात्र कायदे केले. आंध्रने २०१९ मध्ये ७५ टक्क्यांचा केला. हरियाणाने तीस हजार रुपयांपर्यंतच्या पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा १५ जानेवारी २०२२ पासून लागू केला. फरिदाबादचे उद्योजक न्यायालयात गेले. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या काँग्रेस सरकारने तसंच विधेयक मंत्रिमंडळात मंजूर केलं आणि उद्योगांनी ओरड करताच दोन दिवसांत बाजूला ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच, प्रदीप जैन खटल्यात, भूमिपुत्रांच्या नावाने होणाऱ्या अशा वाटणीबद्दल काळजी बोलून दाखवली होती. तो खटला वैद्यकीय प्रवेशांचा होता. न्यायाधीशांनी वाट काढून हा विषय मांडला, कारण तो तेव्हाच पेटलेला होता.

हरियाणाचा निकाल लागला ती तारीख १७ नोव्हेंबर २०२३. महाराष्ट्राच्या त्या शासन निर्णयाला त्याच दिवशी बरोबर १५ वर्षं झाली. योगायोगच, पण त्या निर्णयाच्या व्याख्येत १५ वर्षं हा आकडा आहे. २००८ च्या फेब्रुवारीत पुणे स्टेशनवरून गावी गेलेला आणि त्या वर्षअखेरीस चाकणला परतलेला मजूर असेल, तर तो त्या सुमाराला शासनाच्या दृष्टीने स्थानिक झाला. आता त्याला तहसीलदाराकडून अधिवासाचा दाखला मिळायला हरकत नाही. सेतू केंद्रात अर्ज करायचा, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडायचा. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, घरपट्टी किंवा लाइट बिल. रेशनकार्ड गावाकडचं आहे. पोरगा चाकणच्या शाळेत उशिरा बसला. पंधरा वर्षांत त्याने चार खोल्या बदलल्या, एकीचाही भाडेकरार कधी झाला नाही, आणि लाइट बिल दर महिन्याला घरमालकाच्या नावाने येतं.